सपाट जाणाऱ्या गोळीची गोष्ट

आपल्या आजरा भागात पीक दाण्याला आले की राखणीला माणूस बसतो. हातात गोफण आणि शेजारी खड्यांचा ढीग. जवळच्या पाखरावर तो खडा आडवा सोडतो. पलीकडच्या बांधावर थवा उतरला तर तोच खडा वर चढवून टाकतो. किती चढवायचा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. शेत त्याच्या पायाखालचे असते. हा बांध इतक्या पावलांवर, तो फणस तितक्या पावलांवर, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. पण याच माणसाला परक्या गावच्या शेतात उभा करा. पहिले चार-पाच खडे फुकट जातील. एक थव्यावरून निघून जाईल, एक अलीकडेच चिखलात रुतेल. हात तोच, गोफण तीच. चुकते ते अंतर.

राखणदाराचे चार खडे फुकट गेले तर मूठभर दाणे जातात. शिपाई मात्र बहुधा परक्या शेतातच उभा असतो आणि त्याच्यासमोर पाखरू नसते. त्याचा अंतराचा अंदाज चुकला तर गोळी वाया जाते, आपली जागा शत्रूला कळते आणि दुसरी गोळी झाडायची संधी मिळेलच असे नाही. शिपायाची ही चूक पोटात घालील अशी गोळी कशी मिळवावी, या एका प्रश्नापायी जगातल्या सैन्यांनी दीडशेहून अधिक वर्षे खर्ची घातली आहेत. सपाट मार्गाने जाणाऱ्या गोळीच्या त्या शोधाची हकीकत आज सांगायची आहे.

तुम्ही म्हणाल, आजऱ्यात बसून काडतुसांची चर्चा कशाला? तर त्याला कारण आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड हा मुलूख फौजेला माणसे देणारा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, म्हणजे आपल्या शेजारीच. कितीतरी घरांच्या सोप्यात गणवेशातला एखादा फोटो टांगलेला दिसतो. आजोबा कुठल्या लढाईत होते, कोणते पदक मिळाले, हे आपण विचारतो. पण त्यांच्या खांद्यावरच्या रायफलीत कोणते काडतूस होते, ते कोणी ठरवले आणि का ठरवले, हे विचारायचे राहून जाते. वस्तुतः त्यांचा जीव त्या बोटभर काडतुसावर टांगलेला होता.

आधी एक गैरसमज दूर करू. बंदुकीची गोळी ताणलेल्या दोरीसारखी सरळ जाते असे आपल्याला वाटते. तसे नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली पडू लागते आणि हातातून सोडलेला दगड ज्या चालीने पडतो त्याच चालीने पडते. पहिल्या सेकंदात जवळजवळ 4.9 मीटर. म्हणून रायफलीवर मागे जी साईट बसवलेली असते, तिच्यावर अंतराचे आकडे असतात. लांबचा आकडा लावला की माशी आणि साईट जुळवताना नळीचे तोंड आपोआप वर होते. गोळी नजरेच्या रेषेच्या वर चढते आणि मग उतरत उतरत निशाणावर येते. लांबच्या थव्यावर टाकलेल्या खड्यासारखेच हे आहे. फरक वेगाचा. गोळी जितकी वेगवान, तितका तिला वाटेत पडायला वेळ कमी आणि तितकी तिची कमान बसकी. या बसक्या कमानीलाच सपाट मार्ग म्हणतात. खऱ्या अर्थाने सपाट जाणारी गोळी अजून कोणी बनवलेली नाही.

आता इतिहासाकडे वळू आणि सुरुवात घरापासून करू. गडहिंग्लजजवळचा सामानगड तुम्ही पाहिला असेल. 1844 मध्ये नव्या कारभाराने जमिनींना व हक्कांना हात घातला तेव्हा गडकऱ्यांनी या किल्ल्याचे दरवाजे बंद करून उठाव केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजी फौजेने तोफा लावून किल्ला घेतला. त्या काळी पायदळाच्या शिपायाची बंदूक म्हणजे गुळगुळीत नळीची. तिच्यात शिशाची गोल गोळी सैलसर बसायची. एकट्या माणसावर नेम धरून मारायचे तर शंभर पावलांपलीकडे सारा दैवाचा कारभार. अशा बंदुकीच्या बाबतीत अंतराचा अंदाज चुकला की नेम चुकला, हा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता.

तो उद्भवला पुढच्या पिढीच्या बंदुकीबरोबर. 1853 च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आली. तिच्या नळीच्या आत पीळ होते. लांबट गोळी त्या पिळांत घट्ट बसून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडे, त्यामुळे तिची दिशा टिकून राही. याच रायफलीच्या काडतुसावरून 1857 मध्ये काय वणवा पेटला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. कोल्हापुरातही 31 जुलै 1857 रोजी 27 व्या पलटणीतल्या शिपायांनी उठाव केला होता. पण काडतुसाच्या कागदाला लावलेल्या चरबीच्या हकीकतीपुढे आतल्या गोळीकडे कोणी पाहत नाही. ती गोळी सुमारे 34 ग्रॅम वजनाची होती आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे 270 मीटर होता. आता ती तीनशे पावलांपलीकडेही पोचू लागली. पण वाट मोठी वाकडी!

शिक्षकमित्रांनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. हवेचा अडथळा तूर्त बाजूला ठेवू. 300 मीटरवरचे, म्हणजे साधारण चारशे पावलांवरचे, निशाण गाठायला या गोळीला 1.1 सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती सुमारे 6 मीटर खाली येते. ते भरून काढायला नळी वर करावी लागते, आणि मग अर्ध्या वाटेवर गोळी नजरेच्या रेषेच्या दीड मीटर वरून जाते. समजा, शिपायाने समोरच्या माणसाच्या कमरेवर नेम धरला. त्याला वाटले अंतर 300 मीटर आहे, पण प्रत्यक्षात माणूस होता 200 मीटरवर. तिथे गोळी अजून 1.3 मीटर वर असते. कमरेची उंची धरली तर ती त्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाणार. उलट माणूस 400 मीटरवर असला, तर गोळी अलीकडेच मातीत घुसणार. नेम उत्तम, हात स्थिर, तरीही शंभर मीटरच्या चुकीने सारे व्यर्थ. आणि दारूगोळ्याच्या धुरात, धापा टाकत, शंभर मीटरची चूक कोणाची होत नाही?

यावर एकच उपाय होता: वेग वाढवणे. परंतु काळ्या दारूने वेग फार वाढेना. 1871 मध्ये इंग्रजांनी घेतलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीत गोळीचा वेग 400 मीटरच्या आसपास पोचला आणि तिथेच अडला. मग 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. थोड्या दारूत जास्त जोर, नळीत घाण कमी आणि डोळ्यांपुढे धुराचा पडदा नाही. दोनच वर्षांत, 1886 मध्ये, फ्रान्सने तिच्यावर चालणारी लेबेल रायफल आपल्या पायदळाला दिली. एकाने घेतली की दुसऱ्याला स्वस्थ कसे बसवेल? इंग्रजांनी पॉइंट थ्री-नॉट-थ्री, म्हणजे इंचाच्या 303 सहस्रांश मापाचे काडतूस घेतले. आपल्याकडे हीच पुढे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून पोलिसचौकीपर्यंत पोचली.

सपाट गोळीचा खरा धडा मात्र शेतकऱ्यांनी दिला. दक्षिण आफ्रिकेतले बोअर हे पेशाने शेतकरी व गुरे पाळणारे. 1899 ते 1902 या काळात त्यांचे इंग्रजांशी युद्ध झाले. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हाती 7 मिलिमीटरची जर्मन माउझर रायफल होती. तिची गोळी इंग्रजांच्या गोळीपेक्षा वेगवान होती. सेकंदाला 700 मीटर विरुद्ध 600 च्या थोडे वर. दे ला रे नावाच्या बोअर सेनापतीने या गोळीचा गुण ओळखला. तोपर्यंतचा रिवाज असा, की बचाव करणाऱ्याने टेकडीच्या माथ्यावर बसावे. दे ला रेने आपल्या माणसांना खाली उतरवले. नोव्हेंबर 1899 मध्ये मॉडर नदीच्या काठी आणि डिसेंबरात मॅगर्सफाँटेनला टेकडीच्या पायथ्याशी खंदक खणून त्यांना बसवले. कारण साधे होते. माथ्यावरून मारलेली गोळी तिरकी खाली येते आणि एका ठिकाणी जमिनीत घुसते. जमिनीलगतच्या खंदकातून सोडलेली सपाट गोळी समोरच्या माळावर कमरेइतक्या उंचीने दूरवर सरपटत जाते. वाटेत जो कोणी उभा असेल तो सापडतोच, मग अंतराचा अंदाज थोडा इकडेतिकडे असला तरी बिघडत नाही. शिवाय हा माळ बोअरांच्या ओळखीचा. म्हणजे आपल्या राखणदारासारखे स्वतःचे शेत, आणि वर सपाट गोळी!

हा मार खाल्ल्यावर इंग्रज जागे झाले. इकडे फ्रान्सने 1898 मध्ये बोथट गोळी टाकून टोकदार गोळी घेतली होती. पाठोपाठ जर्मनीने जवळजवळ 15 ग्रॅमची गोळी 10 ग्रॅमवर आणली, तिला टोक काढले आणि वेग 640 मीटरवरून एकदम 880 च्या घरात नेला. 1910 मध्ये इंग्रजांनीही थ्री-नॉट-थ्रीला नवी टोकदार गोळी दिली. तिचे नाव मार्क सात. वजन 11.3 ग्रॅम, वेग सेकंदाला 744 मीटर. फळ्यावरचे तेच गणित या गोळीला लावून पाहा. 300 मीटरच्या वाटेवर तिची कमान मध्यभागी फक्त 20 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. साईट 300 ला लावली आणि माणूस निघाला 200 वर, तरी गोळी कमरेऐवजी पोटात लागणार. माणूस 400 वर असला तरी ती मांडीला लागणार. शंभर मीटरची चूक या गोळीने पोटात घातली. एनफील्डच्या दीड मीटरवरून वीतभरावर यायला साठ वर्षेही लागली नाहीत.

इथे आपल्या माणसांचा संबंध येतो. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि 1914 च्या सप्टेंबर-अखेरीस हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली. तिथे शिपायांच्या हातांतल्या जुन्या रायफली काढून घेतल्या आणि मार्क सातच्या मापाने साईट आखलेल्या नव्या रायफली दिल्या. हे आवश्यकच होते. जुन्या संथ गोळीसाठी आखलेल्या साईटमधून नवी वेगवान गोळी सोडली, तर ती वरून जाणार. पण जरा त्या शिपायाच्या जागी उभे राहून पाहा. वर्षानुवर्षे सराव केलेली, अंगाला ओळखीची झालेली रायफल बंदरातच गेली. थोड्याच आठवड्यांत अनोळखी रायफल, अनोळखी गोळी आणि अनोळखी भूमी घेऊन जर्मनांपुढे उभे राहायचे. तक्त्यावरचा एक आकडा बदलला की त्याचा भार असा शेवटी शिपायाच्या खांद्यावर येतो.

मार्क सातवर इंग्रजांचे समाधान झाले होते असेही नाही. बोअरांची माउझर त्यांच्या मनातून गेली नव्हती. 1913 मध्ये त्यांनी पॉइंट टू-सेव्हन-सिक्स, म्हणजे 7 मिलिमीटरच्या मापाचे एक जबर काडतूस आणि त्यासाठी वेगळी रायफल तयार करून काही पलटणींना चाचणीसाठी दिली. या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 850 मीटर. कागदावर उत्तम! पण शिपायांनी ती झाडून पाहिली तेव्हा नळी चटकन तापू लागली आणि झिजू लागली, तोंडाशी डोळे दिपवणारी ज्वाळा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि खांद्याला मोठा धक्का. एवढे सोसून हाती काय लागले? आपले गणित पुन्हा करा. 300 मीटरवर कमान 20 सेंटिमीटरवरून 15 वर आली. चार बोटांचाही फरक नाही! पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि ते काडतूस मागे पडले. ती रायफल मात्र थ्री-नॉट-थ्रीच्या मापात फिरवून वापरली गेली.

वाचकहो, या सगळ्या कथेचे मर्म मला इथे दिसते. वेगाचा पहिला टप्पा शिपायाला जीवदान देणारा ठरला. पुढचा प्रत्येक टप्पा देतो बोटभर आणि मागतो हातभर. वाढत्या दारूचा धक्का खांदा सोसतो, वाढते वजन पाठ सोसते. ज्यांनी कार्यालयात बसून वेगाचा आकडा ठरवला, त्यांना यातले काही सोसावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की कारखान्यात जे अंतर धरले होते ते रणांगणात भेटेना. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी इंग्रजी रायफलीच्या साईटवर 2000 वारांपर्यंतचे आकडे होते. बाजूला आणखी एक साईट असे, ती 2800 वारांपर्यंत. एवढ्या लांबचा माणूस दिसायचा तरी कसा? पलटणीने मिळून ढगासारखा मारा करावा ही त्यामागची कल्पना. मशिनगन आल्यावर ते कामच उरले नाही आणि 1916 मध्ये ती बाजूची साईट काढून टाकण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धातले आपल्या घरचे उदाहरण घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, कुलाबा जिल्ह्यातल्या माणगाव भागातले. 10 जुलै 1944 रोजी इटलीत तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळूनच मशिनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सारे पडले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबाँब टाकला, टॉमी गनने एकाला मारले, आणि गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना गारद केले. लढाई झाली ती हातभर अंतरावर. त्यानंतर लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी दुरून त्यांना गोळ्या घातल्या आणि त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या एका प्रसंगात दोन्ही बाजू दिसतात. सामान्य शिपायाची लढत बहुधा जवळ होते, तर लांबची सपाट गोळी हे निवडक नेमबाजाचे हत्यार असते.

युद्धानंतर हे अभ्यासानेही सिद्ध झाले. 1952 मध्ये अमेरिकेत नॉर्मन हिचमन यांनी पायदळाच्या रायफलीविषयी एक अहवाल लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की झाडी, चढउतार आणि धांदल यांमुळे शिपायाचा रायफलीचा मारा बहुतेक 300 वारांच्या आतच उपयोगी पडतो. त्यापुढे नेम लागण्याची शक्यता फारच घटते. जर्मनांनी आणि रशियनांनी हे युद्धातच ओळखून आखूड काडतुसे काढली होती. रशियाचे 1943 चे 7.62 मिलिमीटरचे आखूड काडतूस पुढे एके-47 मुळे जगभर पसरले. इंग्रजांनीही मध्यम बळाचे एक काडतूस तयार केले होते. पण अमेरिकी लष्कराला लांब पल्ल्याचे जबर काडतूसच हवे होते. तेच चालले आणि 1954 मध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांच्या नाटो संघटनेने 7.62 मिलिमीटरचे 51 मिलिमीटर लांब पुंगळीचे काडतूस स्वीकारले. ज्या वर्षांत अभ्यास सांगत होता की 300 पुरे, त्याच वर्षांत निवड झाली ती त्याच्या दुप्पट-तिप्पट पल्ल्याची!

आपल्या देशाचा प्रवासही याच वाटेने झाला. 1962 च्या चीन युद्धात आपले बहुतेक जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. प्रत्येक गोळीला हाताने खटका मागे-पुढे करायचा. समोरच्यांकडे आपोआप भरणाऱ्या, आखूड काडतुसाच्या रायफली. त्या वेळी कमी पडला तो गोळीचा सपाटपणा नव्हे, तर गोळ्या सोडण्याचा झपाटा. त्यानंतर 7.62 ची सेल्फ लोडिंग रायफल झपाट्याने पलटणींत आली. त्याच सुमारास इशापूरच्या कारखान्याने जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या घडणीवर 7.62 च्या मापाची 2ए ही रायफल काढली. तिच्यावर 2000 पर्यंतची जुनी साईट तशीच ठेवली होती. पुढच्या 2ए1 नमुन्यात ती 800 मीटरवर आणली. रणांगणाने शिकवलेला शहाणपणा असा एका पत्र्याच्या पट्टीवर उमटला.

ही काडतुसे आपल्या महाराष्ट्रातही तयार होतात. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मधला. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना चीन युद्धानंतर 1964 मध्ये निघाला. वापरलेल्या पुंगळीची बैठक पाहिली तर के. एफ. किंवा ओ. एफ. व्ही. ही अक्षरे आणि सालाचे आकडे कोरलेले दिसतात. खडकी आणि वरणगाव, दुसरे काय! दारूच्या मापात किंचित फरक पडला तर वेग बदलतो, वेग बदलला की कमान बदलते. म्हणजे सीमेवरच्या जवानाचा नेम इथल्या कामगाराच्या हातावरही अवलंबून असतो.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांची उमेद सारी 7.62 वर गेली. एकदा मी त्यांना विचारले, “सुभेदारसाहेब, ती गोळी आठशे मीटरवर खरंच लागायची का हो?” ते हसले. म्हणाले, “सर, लागायची की! पण आठशे मीटरवरचा माणूस आम्हाला दिसायला नको? दिसंल त्येवढाच मारायचा, न्हवं का?” मग थोडे थांबून म्हणाले, “डोंगर चढताना गोळ्या जड वाटायच्या, आणि वर पोचलो की कमी वाटायच्या.” इतक्या थोडक्यात हा प्रश्न कोणा तज्ज्ञाने मांडलेला माझ्या वाचनात नाही.

त्यांच्या या बोलण्यातच पुढचा इतिहास आहे. 7.62 चे एक काडतूस सुमारे 24 ग्रॅमचे; शंभर घेतली की जवळजवळ अडीच किलो. अमेरिकेने व्हिएतनामच्या युद्धकाळात 5.56 मिलिमीटरचे बारीक, अतिवेगवान काडतूस घेतले. गोळी फक्त साडेतीन-चार ग्रॅमची, पण वेग सेकंदाला 900 मीटरच्या वर. काडतुसाचे वजन निम्मे, धक्का थोडा, आणि 300 मीटरपर्यंत मार्ग अगदी सपाट. सगळे गुण एकत्र आले असे वाटले. आपल्याकडे याच मापाची इन्सास रायफल 1990 नंतरच्या काळात आली आणि 1999 च्या कारगिल युद्धात जवानांच्या हाती होती. पण हलक्या गोळीची उणीव अशी, की हवा तिला लवकर थकवते. दूरवर तिचा जोर उरत नाही, वारा तिला ढकलतो.

म्हणून काटा पुन्हा फिरला. 2019 मध्ये भारताने 7.62 च्या लांब काडतुसाच्या 72,400 सिग सॉअर रायफलींचा करार केला. सर्वसाधारण वापरासाठी मात्र रशियन आखूड काडतुसाची एके-203 निवडली आणि डिसेंबर 2021 मध्ये सहा लाखांहून अधिक रायफली अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा येथे बनवण्याचा करार झाला. तिच्या गोळीचा वेग 715 मीटरच्या आसपास, म्हणजे 1910 च्या मार्क सातपेक्षाही कमी! एवंच, वेगाच्या मागे न धावता आपल्या सैन्याने बहुसंख्य जवानांसाठी जवळची लढत धरली आणि लांबच्या कामाला वेगळी रायफल ठेवली. अमेरिका मात्र 2022 मध्ये पुन्हा उलट दिशेने गेली. 6.8 मिलिमीटरचे जबर दाबाचे नवे काडतूस तिने निवडले. तिथेही जड रायफल आणि थोड्याच गोळ्या यांवर वाद झडले. 1913 चीच गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा सुरू झाली आहे असे म्हणा ना.

आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय पुरे करता येत नाही. सपाट गोळी शिपायाची चूक पोटात घालते याचा अर्थ, तिच्या वाटेवर जो येईल त्याला ती सोडत नाही. एनफील्डची गोळी मधल्या माणसाच्या डोक्यावरून जात होती. मार्क सातची गोळी मधल्या साऱ्या जागेवर माणसाच्या उंचीनेच जाते. निशाण हुकले तरी ती थांबत नाही. पुढे जाऊन कोणाच्या शेतात, कोणाच्या अंगणात पडेल याचा नेम नाही. म्हणून चांदमारीच्या मागे मातीचा उंच बांध घालतात. गोळीबाराच्या दिवशी लाल निशाण लावतात ते उगीच नव्हे. कोठे सराव चालू असेल तर त्या निशाणाचा मान राखा आणि मुलांना पुंगळ्या वेचायला पाठवू नका.

शेवटी शिक्षकमित्रांना एक विनंती. एखाद्या दिवशी वर्ग घेऊन आपल्या जवळच्या सड्यावर जा. मुलांना समोरचे एखादे झाड दाखवा आणि अंतर किती, ते प्रत्येकाला पाटीवर लिहायला सांगा. मग पावलांनी मोजून घ्या. उत्तरे पाहून तुम्हीच थक्क व्हाल. मध्ये दरी आली की झाड जवळ भासते, ऊन डोळ्यांवर असले की लांब. कोणी दुप्पट सांगेल, कोणी निम्मे. मुले हसतील. हसू द्या. मग त्यांना सांगा की याच डोळ्यांनी आणि याच अंदाजाने आपल्या गावचा कोणी जवान बर्फात उभा आहे. त्याच्या चुकीला थोडी जागा ठेवणारी गोळी त्याला मिळावी आणि ती वाहताना त्याची पाठ मोडू नये, एवढ्यासाठी माणसांनी दीडशे वर्षे विचार केला आहे. घरी गेल्यावर सोप्यातल्या फोटोकडे ती मुले थोड्या निराळ्या नजरेने पाहतील. इतिहासाच्या तासाला याहून जास्त काय साधायचे असते?